पाण्यांत तग धरणारा ऊंस

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं उंसाचें शेत आहे, त्यांना हें सांगावयास नको कीं, उंसाला पाणी पुष्कळ लागतें. परंतु सांचलेल्या पाण्यांत उभें राहणें त्याला मानवत नाहीं. सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा व पंचगंगा या नद्यांना महापूर आला, तेव्हां सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील उंसाचे उभे फड कित्येक दिवस पाण्याखालीं राहिले. वर्षाच्या कष्टाचें पीक डोळ्यांदेखत कुजलें म्हणजे घरचा सारा हिशेब कोलमडतो; आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्चहि त्याच हिशेबांत असतो.

असें कां व्हावें? मुळेंहि श्वास घेतात. मातीच्या कणांमधील पोकळींत हवा असते, व तिच्यांतील प्राणवायूवर तीं जगतात. शेतांत पाणी तुंबलें म्हणजे ही पोकळी पाण्यानें भरते, मुळें गुदमरून कुजूं लागतात, आणि पाण्यांत उभें असूनहि झाड तहानलेलें राहतें.

परंतु उंसाच्या सर्व जाती सारख्या नाहींत. कांहीं जाती बुडालेल्या पेऱ्यांवर नवीं मुळें सोडतात. या मुळांच्या आंत बारीक पोकळ्या असून त्या वाटेनें वरची हवा खालीं पोंचते. ज्या जातींत हा गुण अधिक, ती अधिक दिवस टिकते. बिहारमधील बी. ओ. ९१ ही जात पाणथळ शेतांसाठीं नांवाजली.

असा काटकपणा उंसांत आणावयाचा कोठून? शरद् ऋतूंत नदीकांठीं पांढरे तुरे डोलविणारें काशाचें गवत आपण पाहिलें असेल. तें उंसाचें रानटी भावंड होय. त्यांत साखर अगदीं थोडी. पण पूर, दुष्काळ व रोग सोसण्याची शक्ति मोठी. तेव्हांच्या मद्रास इलाख्यांत कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊंस-पैदास केंद्र निघालें. तेथें डॉ. बार्बर व श्री. वेंकटरामन यांच्या प्रयत्नांनीं गोड ऊंस व हें गवत यांचा संकर झाला, आणि १९१८ सालीं को २०५ ही जात शेतकऱ्यांच्या हातीं आली. आजच्या बहुतेक जातींत या गवताचा अंश आहे.

शेतकरी टिपरी लावतो, म्हणून प्रत्येक ऊंस मूळ बेण्यासारखाच होतो. नव्या जातीसाठीं मात्र तुऱ्यांतील बीं धरावें लागतें. एका जातीचे पराग दुसरीच्या तुऱ्यावर पाडतात. त्या बियांचीं रोपें सख्ख्या भावंडांप्रमाणें निरनिराळ्या स्वभावाचीं निघतात. अशा हजारों रोपांतून निवडलेलीं थोडीं पाणी तुंबविलेल्या वाफ्यांत लावून त्यांचें वजन व रसाची गोडी तपासतात. काटकपणा व गोडी एकत्र सांपडणें कठीण. म्हणून संकरित रोपांचा गोड उंसाशीं पुनःपुन्हां संकर करावा लागतो. एक जात सिद्ध होण्यास दहा-बारा वर्षें सहज जातात.

तथापि कोणतीहि जात पाण्यांत कायमची सुखानें राहत नाहीं. ती शेतकऱ्याला थोडा अवधि मिळवून देते, इतकेंच. त्या अवधींत चर खोदून पाणी वाहून नेणें हें मनुष्याचेंच काम आहे. विद्यार्थिमित्रहो, ज्या गवताला आपण निरुपयोगी समजून तुडवितों, त्यानें आपल्या साखरेला बळ दिलें, हें ध्यानांत ठेवा. आणि सुटींत घरीं गेलां म्हणजे बांधावरचा चर मोकळा आहे कीं नाहीं, तेंहि एकदां पाहा.