'बदललं नाही, असं समज'

कवीला खाडाखोड चुकत नाही. माझी खाडाखोड मी गेली काही वर्षं 'गिट'च्या स्वाधीन केली आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेली ही प्रणाली. कोणती ओळ कधी बदलली, याची वही ती बिनचूक ठेवते. प्रोग्रामर मंडळींचं हत्यार खरं, पण माझ्या भाच्यानं ते मला शिकवलं.

नव्या संग्रहाची प्रस्तावना मी रोज थोडी फिरवत असे. 'स्टेटस' विचारलं की गिट सांगे, ही फाइल बदलली आहे. काम अर्धवट असताना रोजची ही आठवण नकोशी झाली. कुणीतरी उपाय सुचवला : 'अपडेट-इंडेक्स'ला '--अझ्यूम-अनचेंज्ड' हा पर्याय जोडा. मी जोडला. यादी गप्प झाली.

दोन महिन्यांनी 'कमिट -ए' म्हणून सगळे बदल नोंदवले आणि भाच्याकडे पाठवले. प्रूफ आलं, तर प्रस्तावना जुनीच! मधल्या काळात माझे गुरुजी गेले होते. त्यांच्यावर लिहिलेला परिच्छेद त्यात नव्हता. गिटनं तक्रारीचा शब्दही काढला नव्हता.

"मामू, तुम्हीच त्याला वचन दिलंत," भाचा म्हणाला.

घोळ इथंच आहे. बदल शोधताना गिट प्रत्येक फाइलचा आकार, शेवटच्या बदलाची वेळ वगैरे तपशील डिस्कला विचारतो. हजारो फाइली आणि डिस्क मंद, तर वेळ जातो. तो वाचवण्यासाठी हा पर्याय आहे. त्याचा अर्थ, 'मी ही फाइल बदलणार नाही, तू तपासू नकोस.' आपण मात्र तो वाचतो, 'मी बदलेन, तू काणाडोळा कर.' वचनाला आपण विनंती समजतो. शिवाय काही कामांत गिट ती फाइल तरीही तपासू शकतो, म्हणजे काणाडोळ्याचीही खात्री नाही. नोंदीत असलेल्या फाइलचे बदल दुर्लक्षित करण्याची सोय गिटमध्ये नाही, दुसरा मार्ग शोधा, असं त्याच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच म्हटलं आहे.

तो मार्ग सोपा आहे. नोंदीत नमुन्याची फाइल ठेवावी. तिची प्रत वेगळ्या नावानं करून ते नाव '.गिटइग्नोर'मध्ये लिहावं आणि प्रतीत हवे ते बदल करावेत. त्या प्रतीची नोंद राहत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवावं. माझ्यासारख्यानं तर रोजची आठवण सोसावी, हेच बरं. पूर्वी हा पर्याय वापरला असेल, तर 'एलएस-फाइल्स -व्ही' चालवून पाहा. ज्या फाइलीपुढे इंग्रजी अक्षर लहान लिपीत दिसेल, ती वचनात अडकलेली. '--नो-अझ्यूम-अनचेंज्ड'नं तिला सोडवा.

गुरुजींचा परिच्छेद माझ्या संगणकावर शाबूत होता, म्हणून पुस्तकात गेला. यादी आता रोज बोलते. मी ऐकून घेतो.