तीन बोटांचं माप

सकाळचे अकरा वाजलेत. अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या दातांच्या दवाखान्यात, खुर्चीपासून दोन पावलं मागे मी उभी आहे. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. नीटचा निकाल लागलाय आणि बीडीएसचे पर्याय भरायचेत. त्याआधी हे काम जवळून पाहायचं, म्हणून इथल्या दंतवैद्य मॅडमनी परवानगी दिलीय. पेशंट हो म्हणाला तरच थांबायचं आणि इथलं नाव बाहेर न्यायचं नाही, ही त्यांची अट. प्रत्येकाला त्या माझ्यासमोरच विचारतात.

खुर्चीत दर्यापूरकडच्या एक आजी आहेत. गाल धरून म्हणतात, “काढूनच टाका डाक्टरीनबाई, लय दुखून रायली दाढ.”

मॅडम आरशाच्या दांड्यानं दाढेवर हलकेच टकटक करतात. आजी दचकतात. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते, पण भोवतीचं हाड शाबूत आहे.

“काढायला वेळ लागत नाही, आजी. पण मग भाकर कोणत्या बाजूनं चावाल? पलीकडच्या दाढा तर आधीच गेल्यात. ही वाचते.”

आजी थोडा विचार करतात. “वाचत असन तं वाचवा मंग.”

आधी साखर आणि रक्तदाब तपासला जातो. मग भूल आणि दाढेभोवती रबराचा पडदा. मॅडम मला फाइल दाखवतात. १५ नंबरची, म्हणजे टोकाशी फक्त ०.१५ मिलिमीटर जाड. एवढी बारीक सुई मुळाच्या नळीत उतरते आणि टोक जवळ आल्यावर नळीची लांबी मोजणारं यंत्र ‘टिक टिक’ वाजतं. मॅडमचे डोळे दाढेवर, पण कान आजींच्या श्वासाकडे. “दुखलं तर डावा हात वर करा,” हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात. आजींचा हात मांडीवरच राहतो.

मागच्या खोलीत मदतनीस ताई वापरलेली हत्यारं घासून, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. १२१ अंश, १५ मिनिटं. हे होईपर्यंत ती हत्यारं दुसऱ्या तोंडाजवळ जात नाहीत.

आता अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून आलेला एक तरुण बसलाय. बडनेऱ्याला गाडीतून उतरून ऑटोनं आलाय. “तिखट खाणं होत नाई, मॅडम. साधं वरणबी झोंबते.”

“तोंड उघडा.”

तोंड अर्ध्यातच अडतं. मॅडम म्हणतात, “तुमचीच तीन बोटं उभी धरा, वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला.” दोन जातात, तिसरं जात नाही. पट्टीवर माप येतं २४ मिलिमीटर. निरोगी माणसाचं चाळीसच्या आसपास असतं. गाल आतून पांढुरके आणि ताठ झालेत.

“दिवसाचे किती खर्रे?”

“पाच-सहा.”

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळतो: सुपारी, तंबाखू, चुना. मॅडम त्याला रागावत नाहीत. कागदावर गालाचं चित्र काढून सांगतात, सुपारीनं आतली कातडी घट्ट होत जाते आणि अशा तोंडात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

“कॅन्सर झाला का मले?”

“आज तशी जखम दिसत नाही. पण दर थोड्या दिवसांनी मला तोंड दाखवायचं.”

“सोडला तं तोंड उघडन पयल्यासारखं?”

“पूर्ण नाही. व्यायाम आणि औषधांनी थोडं सुटेल. सुपारी चालू ठेवलीत तर आहे तेही जाईल.”

खोटा दिलासा मॅडम देत नाहीत. दिवसातला पहिला खर्रा कधी, कुणासोबत, हे विचारून त्या सोडायची तारीख त्याच्याचकडून ठरवून घेतात.

बीडीएस म्हणजे चार वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप. घरोघरी त्याला ‘एमबीबीएस हुकलं की घ्यायचं’ म्हणतात. हे म्हणणं चूक आहे. आजींची भाकर आणि या तरुणाचं पुढलं आयुष्य, दोन्हींचा निर्णय याच खुर्चीत होतोय. माझा पहिला पर्याय बीडीएसच असेल. पर्याय भरणाऱ्या प्रत्येकानं आधी परवानगी काढून अशा दवाखान्यात उभं राहावं. आणि घरात खर्रा खाणारं कुणी असेल, तर आजच त्याला त्याची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. बसली नाहीत, तर त्याला लगेच दंतवैद्याकडे न्या.