उन्हातला फोटो आणि अ‍ॅपर्चर

कोल्हापूर ही बाबूराव पेंटरांची नगरी. स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. १९२० साली तो पडद्यावर आला. अशा गावात शिकून कॅमेऱ्याचे साधे गणितही आपल्याला येऊ नये, याची मला खंत होती. मित्राचा कॅमेरा चार दिवस हाती आला, तेव्हा ते गणित मी एक फोटो बिघडवून शिकलो.

रणरणत्या उन्हातून अंबाबाईच्या देवळात शिरले की क्षणभर काही दिसत नाही. मग डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या होतात आणि खांब दिसू लागतात. भिंगातील लहानमोठे होणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, हेच काम करते. त्याचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात. गंमत अशी की आकडा मोठा तर छिद्र लहान. कारण भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून तो काढतात. एक पायरी चढली की प्रकाश निम्मा होतो.

जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा आजही चालतो. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ ठेवावे. आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडावे. अ‍ॅपर्चर ११ केले तर दोनशेवा भाग पुरतो.

पण अ‍ॅपर्चर केवळ प्रकाश मोजत नाही. संध्याकाळच्या उन्हात आईचा उसाच्या कडेला फोटो काढला. अ‍ॅपर्चर १.८ होते. चेहरा सुरेख आला, मागे मात्र नुसता हिरवा धूर! आई म्हणाली, “अरं, आपला ऊस कुठं गेला?” तिने वर्षभर राबून वाढवलेले पीकच मी पुसून टाकले होते.

छिद्र मोठे असले की थोड्याच अंतरातले स्पष्ट येते. लहान केले की पुढचे-मागचे दोन्ही. एकट्या चेहऱ्यासाठी २.८ किंवा ४ चांगले. माणूस आणि त्याचे शेत, किंवा पन्हाळ्याचा तट आणि खालचे खोरे एकत्र हवे असेल तर ८ किंवा ११ ठेवावे. त्याहून फार लहान छिद्रही बरे नव्हे. प्रकाश कडांशी पसरून सारेच चित्र किंचित मऊ होते. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी चित्रात काय काय राहिले पाहिजे, ते आधी ठरवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात ११ वर पुन्हा फोटो काढला. तो आता घरात भिंतीवर आहे. पाहुणे आले की आई त्यात आधी ऊस दाखवते.