पक्षाघातानंतर हाताचे पुनःशिक्षण

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला मनुष्य इस्पितळातून घरी परततो, तेव्हा त्याचा एक हात बहुधा मांडीवर निपचित पडलेला असतो. त्या हाताचे हाड मोडलेले नसते, स्नायू फाटलेला नसतो, हातात जाणारा मज्जातंतूही तुटलेला नसतो. बिघाड झालेला असतो तो हातापासून दूर, कवटीच्या आत, आणि तोही बहुधा विरुद्ध बाजूस. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते. तिच्या रक्तावर पोसले जाणारे क्षेत्र काही मिनिटांतच मरू लागते. आणि ज्या हातास त्या क्षेत्राकडून आज्ञा मिळत असे, तो आज्ञेवाचून राहतो. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. असे असूनही पुष्कळ रोग्यांचे हात काही महिन्यांत कमीअधिक सुधारतात. ही सुधारणा कशाच्या बळावर होते आणि तीस बाहेरून किती साहाय्य करता येते, हा भौतिकोपचारापुढील मोठा प्रश्न होय.

उपचारापूर्वी परीक्षा करावी लागते, आणि ती केवळ जोर मोजण्याची नसते. स्नायूंचा जोर शून्य ते पाच अशा श्रेणीने मोजण्याची ब्रिटिश पद्धत दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या तुटलेल्या मज्जातंतूंसाठी रूढ झाली. पक्षाघातात ती अपुरी पडते. येथे स्नायूत जोर असतो, पण तो हवा तेथे वेगळा काढता येत नाही. घास तोंडाकडे नेण्यासाठी रोगी खांदा उचलू जातो, तो कोपर आपोआप दुमडतो आणि बोटे मिटतात. सारा हात जणू एकाच दोरीने ओढला जातो. अमेरिकन वैद्य ट्विचेल यांनी १९५१ साली अशा रोग्यांचे निरीक्षण करून या सुधारणेचा क्रम मांडला. आरंभी हात लुळा असतो, मग त्यात ताठरपणा येतो, मग सगळे सांधे एकदम हलू लागतात, आणि ज्याचे दैव बलवत्तर त्याची बोटे शेवटी एकेक करून सुटी होतात. ही चढण वाटेत कोठेही थांबू शकते.

या क्रमावरच १९७५ साली स्वीडनमधील फ्यूगल-मायर आणि त्यांचे सहकारी यांनी परीक्षेची एक पद्धत बसविली. प्रत्येक हालचालीस शून्य, एक किंवा दोन गुण. संपूर्ण हातास ६६ आणि पायास ३४. ती आजही जगभर वापरली जाते. तोल पाहण्यासाठी कॅनडातील कॅथरिन बर्ग यांची १४ कृतींची व ५६ गुणांची परीक्षा आहे. चालणे तर केवळ घड्याळ आणि दहा मीटरांची पट्टी यांवर मोजता येते: सेकंदास ०.४ मीटरहून कमी वेग असणारा मनुष्य बहुधा घरातच वावरतो, ०.८ मीटरहून अधिक वेग असणारा रस्त्यावर निर्धास्तपणे हिंडू शकतो. एवढ्या स्वस्त साधनाने एवढे सांगणाऱ्या कसोट्या वैद्यकात थोड्याच असतील. बर्ग यांच्या परीक्षेत मात्र जमिनीवरून उठण्याची कृती नाही. जेवणे, निजणे, पूजा करणे हे सारे जेथे भुईवर चालते, अशा भारतीय घरातील रोग्याची परीक्षा ही कृती पाहिल्यावाचून पुरी झाली असे मानता येत नाही.

भाकिताच्या बाबतीतही एक साधी खूण हाती आली आहे. नेदरलंडमधील संशोधकांनी २०१० साली दाखविले की, झटक्यानंतर दुसऱ्याच दिवशी रोग्यास बोटे थोडीशी सरळ करता आली आणि खांद्यातून हात बाजूस थोडा उचलता आला, तर सहा महिन्यांनी त्या हातात काही कौशल्य परतण्याचा संभव शंभरात ९८ इतका असतो. दोन्ही साधले नाही, तर तो २५ वर येतो. अर्थात २५ म्हणजे शून्य नव्हे, हे रोग्याच्या नातलगांस सांगण्याची जबाबदारी परीक्षकावरच असते.

उपचाराचा इतिहास वादांनी भरलेला आहे. बर्लिन सोडून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ आणि त्यांचे पती कारेल यांनी १९४० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले की, ताठर व एकत्रित हालचाली दाबून टाकाव्यात आणि उपचारकाच्या हाताच्या आधाराने स्वाभाविक हालचाल शिकवावी. स्वीडनहून अमेरिकेस गेलेल्या सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांचे म्हणणे जवळजवळ उलटे होते: आरंभी ज्या हालचाली होतात त्यांचाच उपयोग करून घ्यावा, पुढे त्या सुट्या कराव्यात. दोन्ही पंथांस निष्ठावान शिष्य लाभले. पुढे तुलना करून पाहता कोणताच पंथ दुसऱ्याहून निर्विवाद श्रेष्ठ ठरला नाही. पंथाच्या नावापेक्षा रोगी प्रत्यक्ष कामाचा सराव किती करतो, याकडे मग लक्ष वळले.

हे लक्ष वळविणारा धागा माकडांवरील प्रयोगांतून आला. मॉट आणि शेरिंग्टन यांनी १८९५ साली इंग्लंडमध्ये माकडाच्या एका हाताच्या केवळ संवेदना नेणाऱ्या मुळ्या छेदल्या. चालना देणारे तंतू अबाधित होते, तरी माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. संवेदनेवाचून हालचाल नाही, असा निष्कर्ष त्यावरून निघाला व तो दीर्घकाळ टिकला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांनी याच प्रयोगात एक भर घातली: माकडाचा चांगला हात काही दिवस बांधून ठेवला. तेव्हा उपाशी माकड निकामी ठरलेल्या हातानेच अन्न उचलू लागले! हात अगदीच असमर्थ नव्हता. आरंभीच्या दिवसांत प्रत्येक प्रयत्न फसल्यामुळे त्याने न वापरण्याची सवय शिकून घेतली होती. (टाऊब यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या हालअपेष्टांवरून १९८१ साली अमेरिकेत मोठे वादळ उठले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि प्रयोगपशूंच्या संरक्षणाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.)

मनुष्याच्या बाबतीत अशी सवय लागण्यास घर हेच उत्तम ठिकाण असते. सून बटणे लावते, मुलगा भाजी चिरून देतो, पत्नी घास भरविते. प्रेमाने केलेल्या या सेवेत दुखऱ्या हातास काम असे उरतच नाही. टाऊब यांच्या पद्धतीत चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवितात आणि दुखऱ्या हाताकडून खेळाची सोंगटी उचलणे, पेल्यातील पाणी ओतणे, कपडा घडी करणे अशी कामे थोडी थोडी कठीण करीत करवून घेतात. अमेरिकेतील सात विद्यापीठांनी मिळून २२२ रोग्यांवर तिची कसोटी घेतली. झटक्यास तीन ते नऊ महिने लोटलेल्या या रोग्यांपैकी काहींस दोन आठवडे ही शिकवण मिळाली, जागेपणीच्या बहुतेक सर्व वेळी हातमोजा राहिला. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शिकवण मिळालेल्यांचा हात इतरांहून अधिक सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती. मात्र मनगट व बोटे निदान दहा अंश सरळ करता येणारेच रोगी तीत घेतले होते. पूर्ण लुळ्या हातास ही पद्धत लागू नाही, आणि चांगला हात बांधून अशा रोग्यास केवळ असहाय करणे हा उपचार नव्हे.

मेंदूत काय घडते हे नूडो यांच्या १९९६ सालच्या प्रयोगांत दिसले. माकडाच्या मेंदूतील हाताच्या क्षेत्राचा लहानसा भाग मृत झाल्यावर हात तसाच सोडून दिला, तर शेजारचे निरोगी क्षेत्रही हाताचे काम सोडू लागते. सराव दिला तर ते टिकते, आणि काही माकडांत कोपर व खांदा यांच्या क्षेत्रावर हाताने आक्रमणही केले. या प्रयोगांत सरावाच्या आवृत्त्या दिवसास शेकडो असत. उलट, अमेरिकेतील उपचारगृहांची पाहणी २००९ साली झाली, तेव्हा एका बैठकीत हाताच्या उपयुक्त कृतीची आवृत्ती सरासरी अवघी ३२ भरली.

याचा अर्थ जितके लवकर व जितके अधिक तितके उत्तम, असाही नाही. पाच देशांतील २,१०४ रोग्यांवरील एका मोठ्या पाहणीत झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत वारंवार उठवून चालविण्याचा प्रयोग केला गेला. २०१५ साली कळले की, नेहमीच्या बेताने उठविलेल्या रोग्यांपैकी ५० टक्के चांगल्या स्थितीस पोचले, आणि घाई केलेल्यांपैकी ४६ टक्केच.

भारतात प्रश्न निराळा आहे. मुंबईतील हाजी अली येथे १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, अन्यत्रही विद्यालये निघाली; तरी खेड्यातील रोग्यास आठवड्यातून तीनदा उपचारकाकडे जाणे परवडत नाही. मग घरच्या माणसासच शिकवून तयार करावे, ही कल्पना साहजिकच पुढे आली. देशातील १४ इस्पितळांतील १,२५० रोग्यांवर ती पारखली गेली. २०१७ साली हाती आलेला निष्कर्ष आशा मोडणारा होता: सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच निघाले. कुटुंबाची माया येथे कमी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल; थोड्या दिवसांच्या शिकवणीने उपचारकाची जागा भरून निघत नाही, एवढेच त्यावरून दिसते.

कुटुंबीयांच्या हाती काही गोष्टी मात्र निश्चित आहेत. रोग्यास उठविताना लुळा हात धरून ओढू नये; खांद्याचा सांधा त्या अवस्थेत केवळ सैल स्नायूंच्या आधाराने लोंबत असतो आणि एका हिसक्याने महिनोन्‌महिने दुखू शकतो. बसलेल्या रोग्याचा हात उशीवर किंवा पाटावर टेकवून ठेवावा. ज्या हातास किंचितही चिमूट धरता येते, त्याच्याकडून घरातलेच एखादे काम रोज करून घ्यावे: शेंगा सोलणे, वाटीतले दाणे दुसऱ्या वाटीत टाकणे, जपमाळ ओढणे. उपचारकाने पुढल्या खेपेस प्रथम विचारावयाचे ते हेच, की दाणे किती वेळा टाकले, आणि सांडले किती.