आजीचा आवाज कुठे ठेवाल?

घरातले जुने कपाट एकदा उघडून पाहा. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट, आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस फीत, बारशाची सीडी, छायाचित्रांनी भरलेला पेनड्राइव्ह, असे काही ना काही सापडेलच. हा ठेवा हरवला तर बाजारात पुन्हा विकत मिळत नाही. तो आणखी पन्नास वर्षे टिकावा असे वाटत असेल, तर कशावर साठवावा?

आधी प्रत्येक साधनात माहिती कशी राहते ते पाहू. कॅसेटच्या प्लास्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण एका चिकट द्रव्याने बसविलेले असतात. या कणांच्या चुंबकनातच आवाज साठविलेला असतो. हवेतील ओल शोषून ते द्रव्य खराब झाले, की कण सुटू लागतात. घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो व लेसर किरणाने त्यावर खुणा उमटतात. ऊन व उष्णता यांमुळे तो रंग बिघडतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि माहिती वाचणारा भाग तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतो. चालू असताना डिस्क पडली, तर दोघांची टक्कर होऊ शकते. पेनड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसते. तेथे सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. मात्र वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला, तर ते हळूहळू गळून जातात.

आता आपल्या अकोल्याचा विचार करा. मे महिन्यात येथे पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांना होणारी झीज ४५ अंशांना चौपट वेगाने होईल. टिनपत्र्याखालच्या माळ्यावर तर याहून अधिक! कूलरसमोरचे कपाटही योग्य नव्हे, कारण कूलर हवेबरोबर ओलही फेकतो. घरातली मधली, कोरडी, अंधारी खोली त्यातल्या त्यात बरी.

तरीही कोणतेही एक साधन पन्नास वर्षे टिकेल याची हमी देता येत नाही. मग उपाय काय? येथे गणित मदतीला येते. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ५० मध्ये १ आहे. दोन डिस्कवर प्रती ठेवल्या, तर त्या वर्षी दोन्ही बिघडण्याची शक्यता २,५०० मध्ये १ होते. तीन ठेवल्या तर १,२५,००० मध्ये १!

परंतु या गुणाकाराला एक अट आहे. या घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. तिन्ही डिस्क एकाच कपाटात असतील, तर एकच आपत्ती तिन्ही नेईल. जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीला पूर आला, तेव्हा अकोल्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. पुराचे पाणी प्रती मोजत बसत नाही. मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या एका गोदामाला आग लागली आणि नायट्रेट या ज्वालाग्राही फिल्मवरची जुनी रिळे जळाली. अशा वेळी अन्यत्र ठेवलेली प्रतच वाचवते.

म्हणून जाणकार ३-२-१ हा नियम सांगतात: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. ती अमरावतीला मामाकडे असेल किंवा इंटरनेटवरील साठ्यात. पण सावध! मोबाइलमधले चित्र पुसताच जेथून ते आपोआप पुसले जाते, तो साठा वेगळी प्रत मानता येत नाही.

प्रत शाबूत आहे हे कसे ओळखावे? तुम्हाला नऊचा पडताळा ठाऊक आहेच. अकोल्याचा पिनकोड ४४४००१. अंकांची बेरीज १३, म्हणून पडताळा ४. शेवटचा १ चुकून ५ झाला, तर बेरीज १७ व पडताळा ८ येतो आणि चूक कळते. अंकांची अदलाबदल मात्र यात सापडत नाही. म्हणून संगणक प्रत्येक फाइलचा याहून पुष्कळ मोठा पडताळा-अंक काढतो. तो लिहून ठेवा, वर्षातून एकदा पुन्हा काढा. जुळला नाही, तर चांगल्या प्रतीवरून नवी प्रत करा.

खर्चाची भीती नको. साठ मिनिटांच्या कॅसेटचा आवाज सीडीच्या दर्जाने उतरविला, तर सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. पन्नास कॅसेटी ३२ गिगाबाइटमध्ये मावतात. खरी घाई वाजविणाऱ्या यंत्रांची आहे. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या अखेरच्या मोठ्या कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबविले. फीत शाबूत आणि यंत्र नाही, अशी वेळ येऊ शकते.

तेव्हा येत्या सुट्टीत एक कॅसेट उतरवून पाहा. आजी असतील तर त्यांना शेजारी बसवा. आवाज कोणाचा, ओवी कोणत्या प्रसंगाची, साल कोणते, हे विचारून फाइलच्या नावात लिहा. ही माहिती कोणत्याच फितीवर नोंदलेली नाही आणि तिची सध्या एकच प्रत आहे.