उत्तर देणारे पान

गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण ज्या दिवशी सुरू होते, त्या दिवशी सकाळी आठ वाजता कितीतरी घरांत एकच दृश्य दिसते. फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर रेल्वेच्या आरक्षणाचे पान उघडलेले असते आणि घरातली सारी मंडळी त्याच्याकडे डोळे लावून बसलेली असतात. समजा, एका गाडीत आता एकच जागा उरली आहे. दादरच्या एका मुलीने आणि डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी नेमके एकाच क्षणी बटण दाबले. दोघांच्याही पडद्यावर ‘१ जागा शिल्लक’ असेच दिसत होते. मग ती जागा कोणाला मिळेल? आणि ती दोघांनाही मिळून डब्यात भांडण का होत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला वेबवरची ‘बोलकी’ पाने कशी बांधतात हेही समजून घ्यावे लागेल. तर प्रथम तिकडे वळू.

इंटरनेट म्हणजे जगभरच्या संगणकांना जोडणारे जाळे. वेब ही त्या जाळ्यावरून पाने मागवण्याची आणि पाठवण्याची एक पद्धत आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली तिची कल्पना मांडली. निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे सहज वाचता यावीत, एवढाच तेव्हा हेतू होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही पद्धत सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तुमच्याजवळच्या संगणकातील ब्राउझर नावाची आज्ञावली पान मागते आणि दूरवरचा सर्व्हर नावाचा संगणक ते पाठवतो, असा हा व्यवहार. पान आले, वाचले, संपले. पुस्तकाच्या पानाला आपण प्रश्न विचारू शकत नाही, तसेच यालाही विचारता येत नसे.

पुढे पानावर रिकाम्या चौकटी आल्या. त्या भरायच्या, बटण दाबायचे, की भरलेला मजकूर सर्व्हरकडे जाई आणि तेथून नवे पान येई. सोय मोठीच होती, पण एक त्रासही होता. पिनकोडचा एक आकडा चुकला, तरी सगळा अर्ज सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा. एखाद्या कचेरीत तासभर रांगेत उभे राहावे आणि खिडकीपाशी पोचल्यावर ‘सही राहिली आहे’ असे ऐकून घरी यावे, त्यातलाच हा प्रकार. रांगेत उभे राहण्यापूर्वीच कोणी अर्जावर नजर टाकली असती, तर?

हे काम ब्राउझरमध्येच करता यावे म्हणून नेटस्केप या कंपनीने एक छोटी भाषा करवून घेतली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत तिचे पहिले रूप उभे केले. तीच जावास्क्रिप्ट. त्या सुमारास जावा नावाची दुसरी एक भाषा गाजत होती, म्हणून तिच्याशी मिळतेजुळते नाव ठेवण्यात आले. दोन्ही भाषा मुळात वेगळ्या आहेत. नावातल्या या साम्याने आजवर पुष्कळ विद्यार्थ्यांना नको ते पुस्तक विकत घ्यायला लावले असेल!

आता पानाच्या आत डोकावू. पानावर काय काय आहे (हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटण) ते एचटीएमएल या भाषेत लिहिलेले असते. रंग, आकार, मांडणी यांची व्यवस्था सीएसएस पाहते. ब्राउझर हा मजकूर वाचून आपल्या स्मृतीत एक झाड तयार करतो. घराण्याची वंशावळ तुम्ही पाहिली असेल. वर मूळ पुरुष, खाली मुले, त्यांच्याखाली नातवंडे. तसेच येथे सर्वांत वर पान, त्याच्या पोटात अर्ज, अर्जाच्या पोटात चौकटी आणि बटण. जावास्क्रिप्टला या झाडावर कलम करता येते. एखादी फांदी तोडायची, नवी जोडायची, एखाद्या पानावरचे अक्षर बदलायचे. झाडात बदल झाला की ब्राउझर पडद्यावरचे चित्र लगेच बदलतो.

पण बदल करायचा केव्हा? नवशिक्या विद्यार्थ्याला अडखळायला होते ते येथेच. शाळेत आपण जी आज्ञावली लिहितो ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाते आणि थांबते. १ ते १०० ची बेरीज केली, उत्तर छापले, संपले. उत्तर देणाऱ्या पानाची आज्ञावली अशी नसते. ती बहुतेक वेळ नुसती वाट पाहत असते. अग्निशामक दलाचे जवान काही दिवसभर पाण्याचे फवारे मारीत हिंडत नाहीत. ‘घंटा वाजली की हे करायचे’ एवढे ठरवून ते तयार बसतात. तसेच येथे ‘हे बटण दाबले गेले की ही कृती कर’, ‘या चौकटीत अक्षर उमटले की ती कृती कर’ असे आधी सांगून ठेवायचे. अशा प्रत्येक प्रसंगाला ‘घटना’ म्हणतात. एकदा हे डोक्यात बसले की निम्मे काम झाले, असे मला वाटते. भाषेचे व्याकरण त्यामानाने सोपे आहे.

एक गंमत करून पाहा. संगणकावर एखाद्या वृत्तपत्राचे पान उघडा. मथळ्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ हा पर्याय निवडा. बाजूला एक खिडकी उघडेल आणि तीत ते झाड दिसेल. मथळ्याच्या शब्दांवर दोनदा टिचकी मारून ते बदला. ‘आमच्या शाळेला आठवडाभर सुट्टी’ असे खुशाल लिहा! पडद्यावर तोच मथळा झळकेल. आता पान पुन्हा मागवा. सुट्टी रद्द!

तुम्ही काय बदलले होते? वृत्तपत्र नव्हे, त्याची तुमच्याकडे आलेली प्रत. सातबाराचा उतारा आपण घरी आणतो. त्यावर पेनने काहीही खरडले तरी सरकारदरबारची नोंद बदलत नाही. ब्राउझरमधले पान हा असा उतारा आहे. खरी नोंदवही सर्व्हरजवळ असते. दादरच्या आणि डोंबिवलीच्या पडद्यावर दिसणारा ‘१’ हासुद्धा उताराच होता, आणि तोही काही सेकंदांपूर्वी काढलेला.

मग उतारा ताजा कसा ठेवायचा? दर वेळी सगळे पान नव्याने मागवणे हा जुना मार्ग. मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक या टपालव्यवस्थेच्या वेबवरील रूपासाठी एक नवी सोय तयार केली आणि १९९९ साली ती इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर बाहेर आली. तिच्यामुळे पान जागच्या जागी राहून सर्व्हरला गुपचूप एक छोटी चिठ्ठी पाठवू शकते आणि आलेले उत्तर झाडाच्या एखाद्याच फांदीवर लावू शकते. २००४ साली आलेल्या जीमेलने आणि २००५ सालच्या गूगल मॅप्सने या युक्तीचा सढळ वापर केला. नकाशा बोटाने सरकवला की पुढचे तुकडे आपोआप येऊन जुळतात, ते याच मार्गाने. २००५ सालीच जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ असे नाव दिले.

चिठ्ठी कितीही छोटी असली तरी तिला प्रवास करावा लागतो. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजले तरी साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. सर्व्हर तिकडे असेल तर जाऊन-येऊन २५ हजार किलोमीटर, म्हणजे एक अष्टमांश सेकंद. तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच. हा वेळ फारसा वाटणार नाही. पण एका चिठ्ठीचे उत्तर आल्यावर दुसरी, मग तिसरी, अशा दहा चिठ्ठ्या पाठवल्या की सव्वा सेकंद गेला, आणि कितीही महागडा संगणक आणला तरी तो वाचत नाही. म्हणून चतुर बांधणी करणारा दहा प्रश्न एकाच चिठ्ठीत विचारतो. जे काम उताऱ्यावर होण्यासारखे आहे (चौकट रिकामी नाही ना, पिनकोडला सहा आकडे आहेत ना) त्यासाठी तो चिठ्ठी पाठवीतच नाही.

आणखी एक पथ्य आहे. पडदा सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. उत्तर येईपर्यंत आज्ञावली हातावर हात धरून बसली, तर पानावरची मुख्य कामे एकामागून एकच होत असल्यामुळे सारे पान गोठते. बटणे दबत नाहीत, मजकूर सरकत नाही. म्हणून चिठ्ठी पाठवायची आणि ‘उत्तर आले की हे कर’ असे सांगून मोकळे व्हायचे. उत्तर येणे हीही एक घटनाच.

आता आपल्या दोन प्रवाशांकडे परत येऊ. दोघांच्या चिठ्ठ्या सर्व्हरकडे पोचल्या. सर्व्हरची आज्ञावली भाबडेपणाने लिहिली असेल तर काय होईल पाहा. ती दादरच्या चिठ्ठीसाठी नोंदवही वाचते: शिल्लक १. तेवढ्यात डोंबिवलीच्या चिठ्ठीसाठीही वाचते: शिल्लक १. मग पहिलीसाठी ० लिहून तिकीट देते, दुसरीसाठीही ० लिहून तिकीट देते. नोंदवही नीटनेटकी दिसते, पण एका जागेची तिकिटे दोन! अशी चूक शोधणे फार कठीण, कारण एकट्याने तपासताना ती कधीच दिसत नाही. गर्दीतच उगवते.

उपाय असा की ‘वाचणे’ आणि ‘लिहिणे’ या दोन पायऱ्या अविभाज्य करायच्या. एका चिठ्ठीचे वाचून-लिहून पुरे होईपर्यंत दुसरीला त्या नोंदीला हातच लावू द्यायचा नाही. मग दुसरी चिठ्ठी वाचील तेव्हा तिला ० दिसेल आणि ‘जागा नाही’ असे उत्तर परत जाईल. जागा कोणाला, तर ज्याची चिठ्ठी नोंदवहीपाशी आधी उघडली गेली त्याला. बटण आधी कोणी दाबले याला तेथे महत्त्व नाही. रेल्वेची यंत्रणा यापेक्षा कितीतरी अवाढव्य आहे, पण हा नियम पाळल्याशिवाय कोणतीही आरक्षणव्यवस्था चालू शकत नाही.

आणि मघाचा मथळा आठवा. जो मथळा बदलू शकतो तो आपल्या पानावरचा तिकिटाचा दरही ९०० चा ९ करू शकतो. म्हणून ब्राउझरमध्ये केलेली तपासणी केवळ वापरणाऱ्याच्या सोयीसाठी समजायची. सर्व्हरने आलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर अविश्वास दाखवून सारे पुन्हा तपासलेच पाहिजे. नवशिके हे हमखास विसरतात.

हे शिकायला खर्च येत नाही. साधा मजकूर लिहिण्याची आज्ञावली आणि ब्राउझर एवढे साहित्य पुरते. सुरुवातीला इंटरनेटही लागत नाही, कारण स्वतःच्या संगणकावर साठवलेले पान ब्राउझर उघडतोच. जेक्वेरी (२००६), रिॲक्ट (२०१३) अशी तयार अवजारे पुढे उपयोगी पडतात, पण पहिली एकदोन पाने हातानेच बांधावीत. कबड्डीचा गुणफलक हा चांगला आरंभ आहे. दोन संघ, दोन आकडे, चार बटणे. मोझिला या संस्थेने सुरू केलेल्या एमडीएन या संकेतस्थळावर जावास्क्रिप्टची विश्वसनीय माहिती इंग्रजीत मिळते.

संगणक नसेल तर शिक्षकांना वर्गातच एक खेळ घेता येईल. फळ्यावर ‘३’ लिहा; या शिल्लक जागा. पाच मुलांना एकदम फळ्याकडे पाहायला सांगा. मग प्रत्येकाने, आपण पाहिलेल्या आकड्यातून १ वजा करून ते उत्तर फळ्यावर लिहावे आणि एक तिकीट घ्यावे. पाच तिकिटे जातील आणि फळ्यावर मात्र ‘२’ उरेल! दुसऱ्या फेरीत एकच नियम वाढवा. ज्याच्या हाती खडू असेल त्यानेच फळा पाहायचा, आणि लिहून झाल्याखेरीज खडू सोडायचा नाही. आता तीनच तिकिटे जातील. तिसऱ्या फेरीत एका मुलाला गुपचूप सांगून ठेवा की खडू हाती येताच त्याने तो घेऊन वर्गाबाहेर पाणी प्यायला निघून जावे. बाकीची मुले किती वेळ थांबायला तयार होतात, आणि शेवटी कोणता नियम सुचवतात, तो वहीत लिहून घ्या. तिकीटविक्रीच्या काही संकेतस्थळांवर पैसे भरताना कोपऱ्यात मिनिटे उलटी मोजणारे घड्याळ का दिसते, ते मग वेगळे सांगावे लागणार नाही.