परतवाड्यात कुत्रा पाळायचाय? पिल्लू पाहण्याआधी कॅलेंडर पाहा

परीक्षा आटोपल्या की घराघरांत एकच हट्ट सुरू होतो, कुत्र्याचे पिल्लू आणू. सुट्ट्या आहेत, लेकरे घरी आहेत, सांभाळायला माणसे आहेत. हिशेब वरवर बरोबर दिसतो. परतवाड्यात मात्र तो हमखास चुकतो. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि दोन महिन्यांचे पिल्लू नेमके त्याच भट्टीत घरी येते. जूनअखेर शाळा उघडतात, लेकरे दप्तर घेऊन निघून जातात. एव्हाना पिल्लू पाच महिन्यांचे झालेले असते, दात येत असतात, दिसेल ते कुरतडत असते. मग ते गेटबाहेर राहू लागते आणि हळूहळू रस्त्याचेच होऊन जाते.

मग आणायचे कधी?

दिवाळीचे फटाके संपल्यावर. कारण साधे आहे. आपल्याकडच्या गावठी कुत्र्या बहुतेक पावसाळा सरल्यावर आणि हिवाळ्यात वितात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गल्लीत निरोगी पिल्ले दिसतात. तेव्हा आणलेले पिल्लू संक्रांतीच्या सुमारास रेबीजच्या लशीच्या वयाचे होते आणि ऊन तापायला लागेपर्यंत अंगाने भरलेले असते. शिवाय तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान पिल्लू जे पाहते, ऐकते, त्याची भीती पुढे राहत नाही. मिक्सरचा आवाज, दारावरचा भाजीवाला, शेजारचे आजोबा आणि त्यांची काठी, सगळ्यांशी ओळख याच काळात व्हावी.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. विकत घेणाऱ्यांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकण्यास मनाई आहे. ‘तीस दिवसांचे आहे, दूध पाजले की झाले’ असे सांगणारा विक्रेता नियम मोडत असतो.

कोणता कुत्रा?

हस्की किंवा सेंट बर्नार्ड मोबाइलवर छान दिसतात, पण त्यांची दाट लव बर्फासाठी आहे. चपट्या नाकाच्या पगचीही अडचण होते, कारण तोंड आखूड असल्याने त्याला धाप नीट टाकता येत नाही. गावठी कुत्र्याचे आखूड केस, लांबट तोंड आणि सडपातळ अंग या हवेतच घडलेले आहे. वाढल्यावर चपळ आणि सावध असा कुत्रा हवा असेल तर मराठवाडा-कर्नाटक पट्ट्यातला कारवानही आहे. त्याला धावायला मोकळी जागा लागते, दोन खोल्यांच्या घरात तो कोंडमारा करून घेईल.

उन्हाळ्यासाठी घर

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायची, ओल्या जिभेवरून वारा खेळला की पाण्याची वाफ होते आणि रक्त थंड होते. थोडक्यात, कुलर आणि कुत्र्याची जीभ एकाच तत्त्वावर चालतात. म्हणूनच जूनच्या पहिल्या सरी येऊन हवा दमट झाली की कुलरही चिकचिक करतो आणि कुत्राही हैराण होतो. मे महिन्यापेक्षा हे पंधरा दिवस काही वेळा जास्त त्रासाचे ठरतात, कारण मालकाने ‘ऊन गेले’ म्हणून लक्ष काढून घेतलेले असते.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की जिवाला धोका. टिनाच्या छपरीत किंवा गच्चीवर दुपारी बांधलेला कुत्रा तिथे लवकर पोहोचतो. घरातली सर्वांत थंड जागा त्याच्यासाठी आधीच ठरवावी. शहाबादी फरशीचा कोपरा, ओसरी, जिन्याखालची मोरीजवळची जागा, कुठलीही चालेल. पाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवावे. स्टीलचे भांडे उन्हात तापते आणि हलके असल्याने लवंडतेही.

फिरवण्याची वेळ सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. हात टिकत नसेल तर पंजेही टिकणार नाहीत. कुत्रा लडखडू लागला, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या तर सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि दवाखाना गाठावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

एक गोष्ट वऱ्हाडातल्या माणसाला वेगळी सांगायला नको, ती म्हणजे पत्र्याच्या कुलरमध्ये उतरणारा करंट. दरवर्षी माणसांचेही यात जीव जातात. ओल्या नाकाने, अनवाणी पंजांनी हुंगत फिरणाऱ्या जनावराला तर धोका अधिकच. अर्थिंग तपासून घ्यावे आणि वायर पिल्लाच्या तोंडाला लागणार नाही इतकी उंच बांधावी.

ताटातले सगळेच चालत नाही

दत्ताच्या पायाशी कुत्रे असतात, खंडोबाचाही तो लाडका. त्यामुळे दारच्या कुत्र्याला भाकर घालणे आपल्याकडे नवे नाही. अडचण भाकरीची नसते, तिच्यावर ओतलेल्या रश्श्याची असते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्यानेही तो गुण जात नाही. उरलेला झुणका, वांग्याची भाजी, मटणाचा रस्सा हे सगळे म्हणूनच बाद. प्रसादातल्या मनुका, द्राक्षे, चॉकलेटही नको. फोडणी न घातलेले वरण-भात, उकडलेले अंडे, हाड काढलेले उकडलेले चिकन आणि भाकर, एवढ्यावर घरचा खुराक बसवता येतो. प्रमाण मात्र पशुवैद्यकाला विचारून ठरवावे, कारण नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाची हाडे कच्ची राहतात.

संत्र्याची बाग किंवा कपाशी असलेल्या घरांनी फवारणीचे पंप, रिकामे डबे आणि उंदराचे औषध कुलपात ठेवावे. ताप आला म्हणून माणसाची क्रोसिन किंवा ब्रुफेन देणे हेही विष देण्यासारखेच.

लस आणि कायदा

सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर डिस्टेंपर, पार्वो वगैरेंची एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर, पुढे पशुवैद्यकाने दिलेल्या तारखेप्रमाणे. जंत, गोचीड हे वेगळे. गोचिडामुळे होणाऱ्या तापाने कुत्रे दगावतात, तेव्हा पावसाळ्यात रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत पाहावे. अवघड दुखण्यासाठी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचा दवाखाना आहे. पत्ता आणि वेळ आधीच लिहून ठेवलेली बरी.

रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसली की जीव वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा, ओरखडा, जखमेवर चाटणे, काहीही झाले तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावे आणि सरकारी रुग्णालयात जावे. हळद, तिखट, चुना लावू नये. ‘आपलाच कुत्रा आहे’ ही सबब इथे चालत नाही.

कुत्र्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली कारवाई होऊ शकते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीबाबत नगर परिषदेत विचारून घ्यावे.

मेळघाट जवळ आहे

परतवाड्यापासून चिखलदऱ्याचा घाट फार लांब नाही आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (आपले अकोला नव्हे) बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. डोंगराकडच्या वस्तीत आणि शेतातल्या घरांत कुत्रा रात्री अंगणात साखळीला बांधणे म्हणजे आमंत्रणच. साखळीमुळे त्याला पळताही येत नाही. दार लागणारी खोली किंवा चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेला पिंजरा हवा.

उलट दिशेचा धोकाही आहे. २०१८ मध्ये गीरच्या काही सिंहांच्या मृत्यूमागे डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा रोग कुत्र्यांमध्ये सर्रास आढळतो. जंगलाच्या कडेला लस न दिलेला कुत्रा मोकळा सोडला तर प्रश्न एका घरापुरता राहत नाही.

घरातला करार

कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. पाचवीतल्या मुलीच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू ती कॉलेजला अमरावती-पुण्याला जाईल तेव्हा म्हातारे व्हायला लागलेले असेल. तेव्हा त्याला कोण फिरवणार, दवाखान्यात कोण नेणार, लग्नाला सगळे गावी गेले तर भाकर कोण घालणार, हे आज ठरवावे आणि ज्याचे नाव येईल त्याला खरेच विचारावे. बहुतेक घरांत ते नाव आईचे किंवा आजीचे निघते. तिने नाही म्हटले, तर पिल्लू आणू नये.